नव्या पीसीत रॅम जमत नाही: वेग उतरवावा, बायोस बदलावा की रॅमच परत करावी?

नवा डेस्कटॉप जोडून झाला, पंखे फिरतात, पण मदरबोर्डवरचा ‘डीरॅम’चा दिवा काही विझत नाही. किंवा विंडोज व्यवस्थित येतं, मात्र बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सपो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगावर चालवणारी तयार सेटिंग, चालू केलं की गेम मध्येच बंद पडतो, निळी स्क्रीन येते. अशा वेळी तीन वाटा असतात: रॅमचा वेग थोडा उतरवून चालवायची, बायोस अपडेट करायचं, किंवा रॅम बदलून घ्यायची. कुठली धरायची हे बिघाडाचा प्रकार आणि परतीची मुदत किती उरली आहे, या दोन गोष्टींवर ठरतं. दुसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचं उशिरा लक्ष जातं.

आधी खरंच बिघाड आहे का ते पाहा

एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर डीडीआर५ पिढीची रॅम पहिल्यांदा सुरू होताना प्रोसेसर रॅमशी जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तोवर स्क्रीन काळीच राहते. ३२ जीबीला काही मिनिटं लागतात, ६४ किंवा ९६ जीबी असेल तर पंधरा मिनिटंही जाऊ शकतात. घाबरून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. गोव्यात जून ते सप्टेंबर वीज क्षणभर जाऊन परत येण्याचा खेळ चालूच असतो, त्यामुळे हे काम यूपीएसवरच करा.

तरीही दिवा तसाच राहिला तर पीसी बंद करा, प्लग काढा आणि रॅमच्या दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये आहेत का ते पाहा. अनेक बोर्डांवर खाचेचं फक्त एकच टोक उघडतं. दुसऱ्या टोकाला स्टिक अर्धवट बसली तर बाहेरून कळत नाही, म्हणून दोन्ही टोकं अंगठ्याने ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबा. मग एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून सुरू करा. तरीही नाही, तर सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून टाका: प्लग काढून बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पाचेक मिनिटं बाहेर ठेवली की पुरे.

किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या, दमट हवेमुळे जुन्या सुट्या स्टिकच्या पट्टीवर मळ धरतो. दुकानांत तो खोडरबराने घासायची सवय आहे. त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा.

वाट पहिली: वेग उतरवणं

खोक्यावरचा ६००० हा वेगाचा आकडा (मेगाट्रान्सफर प्रति सेकंद) रॅम कंपनीचा. रायझन ७००० साठी एएमडीने अधिकृतपणे मान्य केलेला वेग ५२००, रायझन ९००० साठी ५६००. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या बऱ्याच प्रोसेसरसाठीही ५६००. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉक धरलं जातं आणि ते प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर पेलेल की नाही हे नगानगावर अवलंबून असतं. एक्सपोवर पीसी अडखळतो आणि साध्या सेटिंगवर सुरळीत चालतो, तेव्हा रॅम खराब असेलच असं नाही.

करायचं इतकंच: एक्सपो चालू ठेवायचं आणि फक्त वेग ६००० वरून ५६०० वर आणायचा. टायमिंग तसंच राहू द्या. त्यातला सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते तो आकडा: ६००० ला सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ५६०० ला तेच ३० म्हणजे १०.७. बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) सेकंदाला ९६ जीबीवरून ८९.६ वर येते. टॅली, फोटोशॉप, ब्राउझर, कोडिंग यांत हा फरक जाणवणारही नाही. एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरवर गेममध्येही फारसा दिसत नाही, कारण त्यांचा मोठा कॅश (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) बरंचसं काम आटपतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मात्र फटका दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच बँडविड्थवर जगतं.

एक्सपो साफ बंद करून ४८०० वर समाधान मानणं वेगळं. तिथे बहुधा सीएल ४० असतो, म्हणजे १६.७ नॅनोसेकंद. पैसे ६००० चे मोजले असताना कायमचं तिथे थांबू नका.

व्होल्टेज वाढवून वेग टिकवण्याचे सल्लेही मिळतील. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) १.३ व्होल्टच्या वर नेऊ नका. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने ती मर्यादा घालून दिली.

वाट दुसरी: बायोस

फुकटची आणि बऱ्याचदा सर्वांत परिणामकारक, विशेषतः बोर्ड दुकानात वर्षभर पडून राहिलेला असेल तर. २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक २०२३ मध्ये बाजारात आल्या, त्याआधीचं बायोस त्या ओळखेलच असं नाही. पीसी अजिबात सुरू होत नसला तरी बोर्डावर फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून थेट बायोस भरणारं) बटण असेल तर काम होतं: एफएटी३२ केलेला पेनड्राइव्ह, कंपनी सांगते त्या नावाची फाइल आणि मागची ठरलेली यूएसबी खाच. मध्ये वीज गेली तर बोर्ड अडकतो, म्हणून इथेही यूपीएस हवाच.

विंडोज आधीच टाकलं असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळ जागी जातात, एक्सपो पुन्हा चालू करावं लागतं.

वाट तिसरी: बदलून घेणं

एक्सपो बंद ठेवूनही रॅमच्या चाचणीत (ती शेवटी दिली आहे) चुका येत असतील तर वेळ घालवू नका. दोष कुठे आहे तेवढा मात्र शोधा. प्रत्येक स्टिक एकटी ए२ मध्ये, मग बी२ मध्ये तपासा. एकच स्टिक दोन्ही ठिकाणी चुकते, तर ती स्टिक खराब. दोन्ही स्टिक ए२ मध्ये ठीक आणि बी२ मध्ये चुकतात, तर बोर्डाची खाच, सॉकेटची वाकलेली पिन किंवा वेडावाकडा कसलेला कूलर तपासायला हवा. नवी रॅम आणून काही होणार नाही.

रॅम परत करताना जोडीच्या दोन्ही स्टिक द्या. जोडी कारखान्यात एकत्र तपासलेली असते. नवी घेताना बोर्ड कंपनीच्या क्यूव्हीएल, म्हणजे तपासून मान्य केलेल्या रॅमच्या, यादीत तुमच्या प्रोसेसरच्या पिढीसमोर तोच संपूर्ण मॉडेल क्रमांक आहे का ते पाहा.

ऑनलाइन किंमत कमी दिसते, पण परतीची मुदत मोजकी असते आणि त्यानंतर वॉरंटीचा कुरिअर-प्रवास सुरू होतो. पणजी, म्हापसा, मडगावच्या दुकानांत निवड कमी, बऱ्याचदा माल बाहेरून मागवावा लागतो. तरी कॅबिनेट घेऊन जाऊन काउंटरवर दुसरी जोडी लावून पाहता येते, हे मोलाचं. ‘बोर्डाशी जमली नाही तर बदलून मिळेल’ हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या. पहिल्यांदाच पीसी जोडणाऱ्याने दुकानाचाच मार्ग धरावा, थोडे पैसे जास्त गेले तरी.

चार स्टिक असतील तर

इथे हिशोबच बदलतो. रायझन ७००० आणि ९००० वर चार डीडीआर५ स्टिकना अधिकृत वेग फक्त ३६००, म्हणजे सेकंदाला ५७.६ जीबी. ६४ जीबी हवी असेल तर १६ च्या चारपेक्षा ३२ च्या दोन घ्याव्यात, यात दुमत नको. नंतर तसाच दुसरा संच आणून भरू, हाही भरवसा ठेवू नका. मॉडेल क्रमांक तोच असला तरी आतली चिप वेगळी निघू शकते. चार घेऊन झाल्या असतील आणि परत करता येत नसतील, तर ३६०० पासून सुरुवात करा आणि चाचणीत टिकेल तेवढंच पायरीपायरीने वर चढा.

चाचणीशिवाय निर्णय नाही

मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. ३२ जीबीला काही तास लागतात, रात्रभर सोडलेलं बरं. एक चूकसुद्धा नापासच. तीच पुढे फाइल बिघडवते आणि दोष विंडोजवर जातो. रात्री एसीत पास झालेली रॅम एप्रिल-मेच्या दुपारी ग्राफिक्स कार्डच्या गरम हवेत नापास होऊ शकते, कारण डीडीआर५ तापली की चुका वाढतात. म्हणून दुसरी चाचणी दुपारी, कॅबिनेट बंद ठेवून, तासभर गेम चालवून घ्या आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये स्टिकचं तापमान पाहत राहा. साठ अंशांच्या आसपास जाऊन चुका येत असतील तर आधी कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याचा वेग वाढवा, मग रॅमच्या वेगाला हात लावा.

हे सगळं मुदतीच्या पहिल्या दोन दिवसांत उरका: आधी बायोस, मग एक्सपोवर चाचणी, नापास झाली तर ५६०० वर पुन्हा चाचणी. तिथेही चूक आली तर त्याच दिवशी परतीची विनंती टाका आणि चुकांच्या स्क्रीनचा फोटो सोबत जोडा.