ढाल चावणारे शिपाई: ब्रिटिश म्युझियम, दालन ४०

सासरे, म्हणजे बाबा, सांगलीचे आणि बुद्धिबळाचे वेडे. नाताळच्या सुट्टीत लंडनला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना ममी वगैरे न दाखवता थेट वरच्या मजल्यावर ४० नंबरच्या दालनात नेलं. तिथे लूइसचे मोहरे आहेत. १८३१ मध्ये स्कॉटलंडच्या लूइस बेटावर सापडलेले, बाराव्या शतकातले, बहुतेक वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेले. घडवले बहुधा नॉर्वेत.

लांबून पाहिलं तर निराशा होईल. सगळ्यात उंच राजा जेमतेम दहा सेंटिमीटरचा! गुडघ्यांची तक्रार नसेल तर खाली वाका, मोहऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवा, मग मजा. राजे मांडीवर आडवी तलवार धरून बसलेत. राण्यांनी (म्हणजे आपल्याकडचा वजीर) गालावर हात ठेवलाय, डोळे वटारलेले. बाबा म्हणाले, "वजीर गेला की माझं तोंडही असंच होतं." हत्तीच्या जागी पायदळाचे शिपाई आहेत, आणि त्यांतले काही चक्क स्वतःच्या ढालीची कड चावतायत. लढाईआधी अंगात आलेले नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातले, योद्धे म्हणे. प्यादी मात्र थडग्याच्या दगडासारखी, बिनचेहऱ्याची. बिचारी.

बाजूने फिरून सिंहासनांच्या पाठी बघायला विसरू नका. खरी कलाकुसर तिथे आहे, वेली एकमेकींत गुंतलेल्या. आधी वाटलं, मागे एवढी मेहनत कशाला? बाबांनी लगेच सांगितलं, "अगं, खेळणाऱ्याला आपल्या मोहऱ्यांच्या पाठीच तर दिसतात." सापडले तेव्हा काही मोहरे लाल रंगाचे होते. आता तो रंग दिसत नाही, सगळे पिवळट हस्तिदंती.

त्याच ठेव्यातला मानला गेलेला एक शिपाई १९६४ मध्ये कुणीतरी पाच पौंडांना घेतला होता. पुढे तो घरातल्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला आणि २०१९ मध्ये लिलावात ७,३५,००० पौंडांना गेला. हे ऐकल्यापासून बाबांना सांगलीच्या माळ्यावरची जुनी ट्रंक आठवतेय.

दालनात फ्रान्सचा सोन्याचा रॉयल गोल्ड कपही आहे. छान आहे, पण मोहऱ्यांनंतर माझं लक्षच लागेना.

प्रवेश फुकट. २४ ते २६ डिसेंबर बंद असतं. शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं, तेव्हाच जा. एडिंबरोला जाणार असाल तर उरलेल्या मोहऱ्यांपैकी अकरा तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.