युरोच्या नोटा: गल्ल्यावरून केलेलं परीक्षण

लोक मोबाइलचं परीक्षण लिहितात, मिक्सरचं लिहितात, चपलांचंही लिहितात. पैशाचं कुणी लिहीत नाही. मी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात आठवड्यातले तीन दिवस गल्ला सांभाळते. इथे हल्ली एक केळंसुद्धा कार्डावर घेतात, पण जुनी पुस्तकं शोधणारी जमात अजून खिसे चाचपते. त्यामुळे दिवसाकाठी बऱ्याच नोटा माझ्या हाताखालून जातात, आणि गिऱ्हाईक नसलं की मी त्या बघत बसते.

आधी निव्वळ वस्तू म्हणून सांगते. कागद सुती आहे, मोजताना बोटाला धरून राहतो. पाचची नोट १२० मिलिमीटर लांब आणि ६२ रुंद, दहाची तिच्याहून जराशी मोठी, वीसची आणखी जराशी. बायकोसाठी पुस्तकं न्यायला एक अंध गृहस्थ आमच्याकडे येतात. ते नोट दोन बोटांत ताणून धरतात, कडेच्या उठावदार रेघांवरून अंगठा फिरवतात आणि मी बोलायच्या आत किंमत सांगतात. पाचच्या आणि दहाच्या नोटांना सगळ्यात जास्त हात लागतात, म्हणून २०१३पासूनच्या मालिकेत त्यांच्यावर संरक्षक लेप चढवला आहे. तरी पाचची नोट मळतेच. टिकाऊपणाला पाचपैकी साडेचार.

आता चित्रं. नोटेच्या पुढच्या बाजूला खिडक्या आणि कमानी, मागच्या बाजूला पूल. पाचवर प्राचीन ग्रीक-रोमन शैली, दहावर रोमनेस्क, वीसवर गॉथिक, पन्नासवर प्रबोधनकाळ, शंभरवर बरोक आणि रोकोको, दोनशेवर लोखंड आणि काच. पाचशेवर विसाव्या शतकातली वास्तुकला होती. ती नोट काढणं २०१९मध्ये बंद झालं. यातला एकही पूल जगात कुठे नव्हता. ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेचे रॉबर्ट कालिना १९९६ची स्पर्धा जिंकले तेव्हा त्यांच्या चित्रांत ओळखू येतील असे खरे पूल होते, व्हेनिसचा रिआल्टोसुद्धा. मग त्यांना ते पुसायला लावलं. रिआल्टो ठेवला तर इटलीचं फावलं, बाकीच्यांनी काय करायचं? शेवटी उरल्या त्या कुठल्याच गावाच्या नसलेल्या कमानी. खिडक्या आहेत, पण त्यांतून डोकावणारं कुणी नाही. पूल आहेत, त्यांवर एक सायकलस्वार नाही. सायकलस्वार नसलेला पूल या देशात राहून मला बघवत नाही.

नोटेवर वाक्यही नाही. 'युरो' हा शब्द रोमन आणि ग्रीक लिपीत, आणि २०१३पासून सिरिलिकमध्येही. युरोपच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाची आद्याक्षरं, एक सही, मालिकेचं वर्ष, संपलं. ती आद्याक्षरं मात्र बघण्यासारखी आहेत. पाच, दहा आणि वीसच्या नोटेवर ती वेगवेगळ्या भाषांनुसार नऊ तऱ्हेने लिहिली आहेत, पन्नासपासून पुढे दहा तऱ्हेने. कारण क्रोएशिया युरोपीय संघात आला जुलै २०१३मध्ये, आणि पाचची नवी नोट त्याच्या दोन महिने आधीच बाजारात आली होती. भारतातल्या नोटेवरच्या पंधरा भाषांच्या पट्टीत लहानपणी मराठीची ओळ शोधली असल्यामुळे असेल, पण हे मोजायला मला फार आवडतं. क्रोएशियाच्या माणसाने वीसच्या नोटेवर आपली अक्षरं शोधली तर मिळत नाहीत, पन्नासच्या नोटेवर मिळतात.

राष्ट्रोत्तर ओळख हा शब्द मी याच दुकानात शिकले. तत्त्वज्ञानाचं कपाट माझ्या डाव्या हाताला आहे. जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी मांडलं होतं की माणसाला बांधून ठेवायला एक रक्त, एक भाषा, एक माती लागतेच असं नाही; सगळ्यांना सारखे हक्क देणारी राज्यघटना आणि ती चालवायची पद्धत यांच्यावरही निष्ठा बसू शकते. विचार म्हणून मला तो पटतो. पण त्या निष्ठेचं चित्र काढायची वेळ आली की कलाकाराच्या हाती उरते रिकामी खिडकी. संघाच्या गीताचंही तेच झालं. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली धून १९८५मध्ये घेतली, शब्द मात्र गाळले, कारण शब्द म्हटले की भाषा आली.

आमचे मालक सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांच्याकडे युरोच्या आधीच्या डच चलनातली, ५० गिल्डरची नोट आहे, १९८२ची, पिवळीधमक, तिच्यावर भलंमोठं सूर्यफूल. ती ते वाचनखूण म्हणून वापरतात. "बँकेत देऊन टाका की, २०३२पर्यंत बदलून देतात," मी एकदा म्हटलं. त्यांनी २.२०३७१ने भागाकार तोंडी केला, बावीस युरो एकोणसत्तर सेंट असं उत्तर सांगितलं आणि नोट पुन्हा पुस्तकात घातली. "या फुलाचे बावीस युरो?" एवढंच म्हणाले. त्या जुन्या नोटांमध्ये पाणलावा पक्षी होता, दीपगृह होतं. राजाराणीची तसबीर नसतानाही त्या कुणाच्या तरी वाटायच्या. युरोची नोट वाचनखूण म्हणून ठेवलेली मी अजून पाहिली नाही, आणि आमच्याकडे पुस्तकांत काय काय सापडतं याची यादी मोठी आहे.

कालिनांचे पूल मात्र पुढे खरे झाले. रॉटरडॅमहून मेट्रोने गेलं की स्पाइकेनिसे लागतं. तिथल्या एका नव्या वसाहतीत रॉबिन स्टाम या डिझायनरने २०११ ते २०१३ या काळात सातही पूल बांधून घेतले, त्या त्या नोटेच्या रंगात. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने जपून कुठलेच नसलेले पूल काढले, आणि एका डच उपनगराने ते आपले करून टाकले. मागच्या वसंतात मी आणि माझी आठ वर्षांची मुलगी बघायला गेलो. तयारी म्हणून पाच, दहा आणि वीसच्या नोटा घेतल्या. दोनशेची माझ्या पाकिटात कधीच नसते, त्यामुळे त्या पुलापाशी फोनवर नोटेचं चित्र उघडून बघावं लागलं. चूक माझीच, पण दोनशेची नोट खिशात घालून फिरणारं माणूस माझ्या ओळखीत नाही.

पूल लहान आहेत, पायी आणि सायकलने जाण्यापुरते. नोटेवर रोमन जलसेतूसारखा दिसणारा पाचचा पूल इथे घरामागच्या कालव्यावर गुडघे दुमडून बसल्यासारखा वाटतो. मुलीने एक डोळा मिटून, हात लांब करून नोट पुलावर बरोबर बसवायचा प्रयत्न केला. "आई, नोटेत बदकं नाहीत," ती म्हणाली. खाली पाण्यात सहा बदकं होती. पुलावरून एक बाई वाणसामानाची पिशवी हँडलला अडकवून गेली, तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. युरोच्या चित्रात मी पहिल्यांदा माणूस पाहिलं ते असं. जाऊन या, तिकीट नाही, तासाभरात सगळे बघून होतात. त्याच गावात काचेच्या पिरॅमिडमधलं 'पुस्तकांचा डोंगर' नावाचं वाचनालयही आहे. पाऊस आला तर तिथे जा. पाऊस येतोच.

चिल्लर मात्र नोटेपेक्षा पुष्कळ बोलकी आहे, आणि माझ्या मते या चलनातला खरा माल तोच. प्रत्येक नाण्याची एक बाजू सगळीकडे सारखी, दुसरी ज्या त्या देशाची. ते नाणं चालतं मात्र सगळीकडे. मी गल्ल्याशेजारी एक चिनी मातीची वाटी ठेवली आहे, तिच्यात लेखक जमवते. इटलीच्या दोन युरोवर राफाएलने काढलेला दान्ते. स्पेनच्या दहा, वीस आणि पन्नास सेंटवर सर्व्हांतेस. ऑस्ट्रियाच्या दोन युरोवर बेर्था फोन सुटनर. १९०५चं शांततेचं नोबेल मिळालेली लेखिका, जिने युद्धाविरुद्ध कादंबरी लिहिली आणि जी पहिलं महायुद्ध पेटायच्या काही आठवडे आधी वारली. आणि माझं सगळ्यात लाडकं, स्लोव्हेनियाचं दोन युरो: कवी प्रेशेरेनची बाह्याकृती आणि शेजारी त्याच्याच कवितेतली ओळ, सगळ्या राष्ट्रांचं भलं होवो अशा अर्थाची. ही कविता त्यांचं राष्ट्रगीत आहे. राष्ट्रगीतात दुसऱ्यांचं भलं चिंतणारा देश, आणि ती ओळ पोर्तुगालच्या कॉफीवाल्याच्या गल्ल्यातही खळखळते. दान्ते आणि प्रेशेरेन माझ्या वाटीत शेजारी पडलेले असतात आणि कुणालाही आपली भाषा सोडावी लागलेली नाही. नोटेला जे जमलं नाही ते चिल्लरीने करून दाखवलं. साहित्याला पाचपैकी पाच, पण फक्त नाण्यांना.

नोटांवर पूर्वी देश लपून बसायचा. पहिल्या मालिकेत क्रमांकाच्या आधीचं अक्षर देश सांगायचं: एक्स म्हणजे जर्मनी, वाय म्हणजे ग्रीस, पी म्हणजे आम्ही. ग्रीसच्या कर्जसंकटात लोक हे अक्षर तपासू लागले. नव्या मालिकेत पहिलं अक्षर फक्त छापखाना सांगतं.

आता नोटा पुन्हा बदलायच्या आहेत. जानेवारी २०२५मध्ये मध्यवर्ती बँकेने दोन विषयांसाठी चित्रं ठरवली. छापला जाईल त्यांतला एकच. पहिला विषय युरोपची संस्कृती: पाचवर ऑपेरा गायिका मारिया कॅलास, दहावर बेथोव्हेन, वीसवर मारी क्युरी, पन्नासवर सर्व्हांतेस आणि मागे पुस्तकं वाचणारी माणसं, शंभरवर लिओनार्दो, दोनशेवर सुटनर. दुसरा विषय नद्या आणि पक्षी. त्यात पन्नासवर करकोचा, आणि मागच्या बाजूंना संघाच्या संस्था: पाचवर संसद, दहावर आयोग, वीसवर मध्यवर्ती बँक, पन्नासवर न्यायालय, शेवटी दोनशेवर लेखापरीक्षण न्यायालय. सगळ्यात मोठ्या नोटेवर हिशेब तपासणारे, ही गंमत मुद्दाम केलेली आहे का कुणास ठाऊक.

मालकांचं मत पक्ष्यांना. पक्षी भांडत नाहीत, म्हणतात. माझं सर्व्हांतेसला. त्या सहा जणांची यादी नीट बघितली तर एकही जण एका गावात मावणारा नाही. कॅलास ग्रीक आईबापांची, जन्मली न्यूयॉर्कला. बेथोव्हेन बॉनचा, मेला व्हिएन्नात. लिओनार्दोने शेवटचा श्वास फ्रान्समध्ये घेतला. सुटनर जन्माने प्रागची. सर्व्हांतेस पाच वर्षं अल्जीयर्समध्ये कैदी होता. मारी क्युरीवरून तर लगेच वाद झाला: पोलंडने विचारलं, तिचं माहेरचं नाव स्क्लोदोव्स्का कुठे गेलं? पोलंड अजून युरो वापरतही नाही. होऊ दे की वाद. उपऱ्यांचीच यादी आहे, आणि उपऱ्याचं नाव कसं लिहायचं यावरून वाद होणारच. माझं आडनाव या देशातल्या प्रत्येक कचेरीत वेगळं लिहिलं गेलं आहे.

इथे माझ्या परीक्षणाला जरा स्वार्थाचा वास आहे, तो सांगून टाकते. युरोची नोट मला विमानतळावर उतरल्या दिवशी मिळाली. पासपोर्ट कुठला हे तिने विचारलं नाही. कोसोव्हो आणि माँटेनेग्रो तर संघात नसूनही सर्रास युरो वापरतात, त्यांनाही ती विचारत नाही. युरोपीय संघाचं नागरिकत्व मात्र तसं मिळत नाही. १९९२च्या मास्ट्रिख्ट कराराने ते निर्माण केलं, पण आधी एखाद्या सदस्य देशाचे नागरिक व्हा, मगच ते आपोआप चिकटतं. राष्ट्राच्या पलीकडच्या घरात शिरायला दार राष्ट्राचंच. माझ्यासाठी त्या दाराशी निळा भारतीय पासपोर्ट सोडण्याचा प्रश्न उभा आहे, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. अर्ज भरून ठेवला आहे, ड्रॉवरमध्ये. म्हणून नोटेच्या रिकाम्या खिडकीवर मी रागावते तेव्हा तो राग सगळा चित्रकलेचा नसतो.

एकूण गुण: टिकाऊपणा साडेचार, वापर पाच, चित्रं दोन, चिल्लर पाच. सर्व्हांतेसची नोट निघाली तर चित्रांचे गुण पुन्हा देईन.

स्पाइकेनिसेहून परतताना मेट्रो स्टेशनजवळ मुलीने तिची पाचची नोट बटाट्याच्या फ्राइजवर खर्च केली. नोट तिला ठेवायची होती, पण भूक मोठी. सुट्टे हातात आल्यावर तिने आधी एकेक नाणं उलटं करून बघितलं. "स्लोव्हेनिया?" मी विचारलं. नव्हतं. बेल्जियमचा राजा होता, आणि मेयोनेजचे पन्नास सेंट वेगळे.