यूएफसीच्या जुन्या लढतींची वर्गणी : काही महिन्यांच्या वापरानंतर

यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या जुन्या लढती सलग पाहता याव्यात म्हणून घेतलेली ‘फाइट पास’ या तिच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी मी काही महिन्यांपासून नियमित वापरत आहे. १९९३ च्या पहिल्या स्पर्धेपासूनच्या लढती येथे सापडतात, हे पुरेसे आहे. मात्र लढतीआधीची पत्रकार परिषद यूट्यूबवर ऐकून मग लढत पाहिली, तर या धंद्यात नेमके काय विकले जाते ते स्पष्ट होते.

अमेरिकेत मोठ्या सामन्यासाठी प्रेक्षकाला दर वेळी वेगळे पैसे मोजावे लागत आणि आघाडीच्या खेळाडूंना त्या विक्रीत वाटा मिळे. साहजिकच प्रतिस्पर्ध्याला डिवचणे हा स्वभावापेक्षा व्यवहाराचा भाग बनला. २०१० मध्ये आव्हानवीर चेल सॉनेनने व्यावसायिक कुस्तीतल्या खलनायकाच्या थाटात तेव्हाचा विजेता अँडरसन सिल्वाची यथेच्छ खिल्ली उडवली, नंतर चार फेऱ्यांहून अधिक काळ त्याला खरोखरच खाली दाबून धरले आणि पाचव्या फेरीत सिल्वाच्या पायांच्या कैचीत अडकून हार पत्करली. त्या पराभवानेच दुसऱ्या लढतीची मागणी निर्माण केली. सॉनेनची बडबड आजही ऐकवते. आयरिश खेळाडू कॉनर मॅकग्रेगरची मला अनेकदा ऐकवत नाही. एप्रिल २०१८ मध्ये ब्रुकलिनमध्ये त्याने खेळाडूंच्या बसवर ट्रॉली फेकली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि तीच दृश्ये पुढे खबीब नुरमागोमेदोवविरुद्धच्या लढतीच्या जाहिरातीत झळकली. ऑक्टोबरमधील ती लढत सुमारे २४ लाख ग्राहकांनी विकत घेतल्याचे सांगितले गेले. खबीबने चौथ्या फेरीत त्याला शरण आणले, परंतु मॅकग्रेगरचा बाजारभाव त्यामुळे फारसा उतरला नाही.

याच संग्रहात डिमिट्रियस जॉन्सनही आहे. सलग ११ वेळा विजेतेपद राखणाऱ्या या अबोल खेळाडूच्या लढतींना विक्री बेताचीच होती, आणि २०१८ मध्ये ‘वन चॅम्पियनशिप’ या आशियातील स्पर्धक कंपनीचा खेळाडू बेन ॲस्क्रेन याच्या बदल्यात त्याला तिकडे जाऊ दिले गेले. रे बोर्गला उचलून आपटता आपटता त्याने हाताला घातलेला पेच मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. केवळ खेळासाठी वर्गणी घेणाऱ्याने सुरुवात तेथूनच करावी.

पॅरामाउंट या अमेरिकी माध्यम कंपनीबरोबरच्या सात वर्षांच्या प्रसारण करारामुळे २०२६ पासून अमेरिकेतही सामन्यागणिक वेगळे पैसे घेण्याची पद्धत बंद झाली आहे. प्रत्येक सामना स्वतंत्रपणे विकायचाच नसेल, तर वाचाळ खेळाडूंची किंमत पूर्वीइतकीच राहील का, हे पाहण्याच्या उत्सुकतेपोटी मी वर्गणीचे नूतनीकरण करणार आहे.