मेगस ऑफ द लायब्ररी : वाचनालयासाठी मागवण्याआधी

मित्सु इझुमी यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, जपानमध्ये कोदान्शाच्या ‘गुड! आफ्टरनून’ मासिकात २०१७ पासून येते आहे. इंग्रजी भाग २०१९ पासून निघू लागले. अमुन गावातला गरीब थिओ लांब कानांमुळे सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो, गावच्या वाचनालयात त्याला घेत नाहीत. मग अफ्त्झाकच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून गावोगाव फिरणाऱ्या काफ्ना, म्हणजे ग्रंथपाल, तिथे पोचतात आणि त्यांच्यातली सेदोना ब्लू या पोराच्या हातात पुस्तक देते. पहिला भाग एकटा वाचला तरी पुरा वाटतो. पुढे काफ्ना होण्याची परीक्षा सुरू होते आणि गाडी पॅसेंजरच्या चालीने जाते.

जादूपेक्षा कारभार जास्त, हेच इथलं बळ. ग्रंथालयाचे बारा विभाग, त्यात संरक्षण आहे, दुरुस्ती आहे. लढाईच्या आशेने घेणारा कंटाळेल. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थांच्या हातचं वाल्मीकि रामायण ज्यांनी पाहिलंय, त्यांना दुरुस्ती विभागाचं अप्रूप वेगळं सांगायला नको. चित्रं तर फारच दाट: कपड्यांची नक्षी, कपाटं, कमानी. मोबाइलवर त्यांचा चिखल होतो. कागदीच घ्या, निदान दहा इंची टॅबवर वाचा.

सुरुवातीच्या पानांवर सोफी श्विम या लेखिकेच्या मूळ कादंबरीचा उल्लेख आहे. वाचक ती मागायला येतील. ती कादंबरी नाहीच. तो कथेचाच खेळ आहे.

आता बांधणी. इंग्रजी आवृत्तीही उजवीकडून डावीकडे वाचायची आहे, आणि वाचनालयांचं नुकसान इथेच होतं. नेहमीच्या बाइंडरकडे नुसता गठ्ठा दिला की तो तीन गोष्टी करतो. बाजूने भोकं पाडून शिवतो, त्यामुळे दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या घडीत गडप होतं. कडा कापतो, चित्र कडेपर्यंत असल्याने तेही कापलं जातं. आणि पुठ्ठ्यावर नाव उलट्या बाजूला टाकतो. त्यापेक्षा मूळ मुखपृष्ठावर प्लॅस्टिक कव्हर घाला, शिवण नको.

पाठ नुसती डिंकाची आहे. जळगाव-भुसावळचा मे महिना आणि वर पत्र्याचं छप्पर असेल तर डिंक वाळून तडकतो, म्हणून कपाट तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा. नवा भाग एकदम उताणा करू नका. दोन्ही टोकांकडून थोडी थोडी पानं आळीपाळीने दाबत मध्यापर्यंत या. पान सुटलंच तर आतल्या कडेला दोन मिलिमीटर पांढऱ्या डिंकाची बारीक रेघ द्या, दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. सेलोटेप नको. तिचा चिकटा पिवळा पडतो, शेजारच्या पानालाही लागतो. शिक्का चित्र किंवा मजकूर नसलेल्या पानावरच मारा, पुष्कळदा तो चित्रावरच बसतो.

इंग्रजी सोपं आहे, पण जमातींची आणि गावांची नावं पुष्कळ. आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना जमेल. मागवताना पहिले तीन भाग एकदम घ्या. एकटा दुसरा भाग कपाटात ठेवलात तर परीक्षा अर्धवट सोडून वाचक तुमच्याच टेबलाशी येऊन उभा राहील.