जर्मनी की जपान: कोणत्या कार्यसंस्कृतीशी जुळवून घेणे आपल्याला जमेल?

परदेशी नोकरीसाठी जर्मनी आणि जपान हे दोन पर्याय समोर असले, की पगार, कर आणि घरभाडे यांची तुलना प्रत्येक जण करतो. माझ्या मते मात्र तिथे माणूस रमतो की दोन वर्षांत परत फिरतो, हे इतर गोष्टींवर अधिक अवलंबून असते: कार्यालयात मतभेद कसे व्यक्त होतात, कामाच्या वेळेची सीमा कोण आखतो आणि स्थानिक भाषेवाचून किती काळ निभावता येते.

मतभेदांच्या बाबतीत हे दोन देश जवळजवळ दोन टोकांना आहेत. जर्मन कार्यालयात सहकारी आपल्या मांडणीतील त्रुटी भर बैठकीत, सर्वांसमोर आणि फारशी प्रस्तावना न करता दाखवून देतो. ही टीका कामावर असते आणि बैठक संपल्यावर तोच सहकारी नेहमीसारखा बोलतो. तरीही ज्याला वरिष्ठांसमोर गप्प राहण्याची सवय आहे, त्याला पहिले काही महिने हे फार बोचते. कौतुकही मोजकेच होते. याउलट पारंपरिक जपानी कंपनीत बैठक ही बहुधा आधीच झालेल्या सहमतीवर शिक्कामोर्तब करण्यासाठी असते. संबंधित प्रत्येकाला आधी स्वतंत्रपणे भेटून त्याच्या शंका ऐकून घेणे, म्हणजे ‘नेमावाशी’, आणि लेखी प्रस्ताव खालून वर फिरवत प्रत्येक पातळीवर संमतीचा शिक्का मिळवणे, म्हणजे ‘रिंगी’, या दोन प्रक्रियांतून निर्णय घडतो. ही पूर्वतयारी न करता जो बैठकीत नवा मुद्दा मांडतो, त्याला कोणी विरोध करत नाही, त्याचा मुद्दा मात्र पुढे सरकत नाही आणि तो का सरकला नाही, हेही त्याला कोणी स्पष्ट सांगत नाही. अशा निर्णयाला वेळ लागतो; परंतु एकदा तो झाला, की अंमलबजावणीत अडथळे कमी येतात, कारण आक्षेप आधीच मिटलेले असतात.

यातून निर्णयाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निघते. जर्मनीतील अडचण पहिल्याच आठवड्यात समोर येते आणि तिच्यावर उपायही लवकर सुरू होतो. जपानमधील अडचण सौजन्याच्या आड असल्यामुळे उशिरा कळते, म्हणून तिथले सुरुवातीचे महिने सुखाचे वाटतात आणि खरा ताण नंतर जाणवतो. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या अनुभवांवरून १९५५ मध्ये आरंभीचा उत्साह, मग खचलेपण आणि नंतर सावरणे असा क्रम मांडला होता. तो सर्वांना सारखा लागू पडत नाही, हे नंतरच्या संशोधनातून दिसले आहे. तरीही जपानला जाणाऱ्याने पहिल्या तीन महिन्यांच्या समाधानावरून घाईने निष्कर्ष काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

वेळेच्या बाबतीत जर्मन कायदा आपली बाजू भक्कमपणे घेतो. दिवसाला साधारण ८ तास, काही अटींवर जास्तीत जास्त १० तास, आणि दोन कामाच्या दिवसांमध्ये किमान ११ तासांची विश्रांती असा नियम आहे. पाच दिवसांच्या आठवड्यासाठी वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा मिळते; अनेक करारांत ती याहून बरीच जास्त असते आणि सहकारी ती पूर्ण घेतात. मात्र कामाची वेळ संपली, की सहकाऱ्यांचा सहवासही बहुधा संपतो, आणि बहुतेक दुकाने बंद असलेला शांत रविवार एकट्या माणसाला अंगावर येतो. जपानमध्ये सहा महिन्यांच्या नोकरीनंतर १० दिवस रजा मिळते आणि सेवेच्या वर्षांनुसार ती २० दिवसांपर्यंत वाढते. परंतु कर्मचारी ती घेतच नसत, म्हणून वर्षाला किमान ५ दिवस रजा घ्यायला लावण्याची जबाबदारी २०१९ पासून कायद्याने मालकावर टाकली. जादा कामावरही महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा आली, मात्र तिला अपवाद आहेत. शिवाय इतरांच्या आधी उठून निघण्याचा संकोच अनेक कार्यालयांत टिकून आहे. त्या बदल्यात कामानंतरच्या ‘नोमिकाई’त, म्हणजे एकत्र मद्यपानाच्या बैठकीत, सहकारी मोकळेपणाने बोलतात आणि दिवसभर न उमगलेले बरेच काही तिथे उलगडते, मद्य न घेणाऱ्यानेही तिथे जरूर जावे.

कचऱ्याचे वर्गीकरण आणि शेजाऱ्यांच्या शांततेचे नियम दोन्हीकडे काटेकोर आहेत, त्यामुळे त्यांवरून निवड करण्याचे कारण नाही.

भाषेवरून मात्र करावी. मराठी माणसाला जपानी वाक्यरचना जवळची वाटते, कारण क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीचे काम करणारे शब्द नामानंतर लागतात. अवघड आहेत ती २,१३६ नित्योपयोगी कांजी चिन्हे आणि ज्येष्ठता पाहून बदलणारी आदरार्थी भाषा. जर्मनची लिपी रोमन असल्याने वाचन लवकर सुरू होते आणि ब्लू कार्डधारकाला, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा युरोपीय संघाचा परवाना असलेल्याला, जर्मनची बी-१ ही मध्यम पातळी गाठल्यास कायम वास्तव्याचा परवाना २७ ऐवजी २१ महिन्यांत मिळू शकतो. जपानच्या उच्चकुशल व्हिसाच्या गुणपद्धतीतही जपानी भाषा परीक्षेच्या एन-१ या सर्वोच्च पातळीला १५ आणि एन-२ पातळीला १० गुण आहेत.

ज्याच्यासोबत कुटुंब आहे, ज्याला संध्याकाळ हवी आहे आणि स्पष्ट बोलणे सोसते, त्याने जर्मनी निवडावी. ज्याला न बोललेले टिपण्याची आवड आहे आणि जो भाषेला काही वर्षे मनापासून देईल, त्याला जपान अधिक समृद्ध करील. केवळ इंग्रजीच्या भरवशावर तिथे जाण्याचा सल्ला मी देणार नाही. एखाद्या कंपनीची रीत देशाच्या रीतीपेक्षा वेगळी असू शकते. त्यामुळे होकार कळवण्यापूर्वी त्याच तुकडीत काम करणाऱ्या एखाद्या परदेशी व्यक्तीशी बोलणे करून द्यावे, अशी विनंती करावी, आणि बैठका कोणत्या भाषेत होतात, मागच्या वर्षी तिने किती रजा घेतली आणि तिच्या मताला शेवटचा विरोध कोणी व कसा केला, हे तिला विचारावे.