हरिकेनचा हंगामी अंदाज: कोणाचा धरावा आणि कधीचा धरावा?

एप्रिल उजाडला की अटलांटिकमध्ये यंदा किती वादळं येणार याचे आकडे बातम्यांत झळकू लागतात. एक संस्था १७ म्हणते, दुसरी १३ ते १९ सांगते, तिसरीचं आणखी काही वेगळंच. फ्लोरिडात, टेक्सासच्या किनाऱ्यावर किंवा कॅरोलायनात घर घेतलेल्या माणसाने यातला कोणता आकडा मनावर घ्यायचा?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. संस्था निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवा: तुमचा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचा आहे, आणि तो केवढ्या भूभागाबद्दल आहे. या दोन गोष्टी ठरल्या की कोणता अंदाज वाचायचा हे बहुतेक सुटतं. आणि निर्णय एकाच घराचा असेल, तर कोणत्याही अंदाजाची वाट न पाहता तो घेऊन टाकावा, असं माझं ठाम मत आहे.

मोजतात काय?

सगळ्या संस्था साधारण तेच तीन आकडे देतात. नाव मिळालेली वादळं (वारा ताशी ३९ मैल किंवा जास्त), हरिकेन (७४ मैलांपासून पुढे) आणि मोठी हरिकेन, म्हणजे श्रेणी ३ ते ५ (१११ मैलांपासून पुढे). १९९१ ते २०२० ची सरासरी अनुक्रमे १४, ७ आणि ३ आहे. बातम्यांचा मथळा नेहमी पहिल्या आकड्याचा असतो, आणि नेमका तोच सर्वांत कमी कामाचा आहे.

त्यापेक्षा एसीई हा निर्देशांक बघावा; वादळाचा जोर आणि तो किती काळ टिकला, हे दोन्ही तो एकत्र मोजतो. वादळाचा वारा दर सहा तासांनी नॉट्समध्ये (म्हणजे ताशी सागरी मैलांत) मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळी बेरीज करून १०,००० ने भागायची. समुद्रात दोन दिवस ४० नॉट्सने रेंगाळून विरून गेलेलं वादळ घ्या: आठ नोंदी, एसीई १.२८. आता १२० नॉट्सचं, पाच दिवस तोच जोर टिकवलेलं हरिकेन घ्या: वीस नोंदी, एसीई २८.८. मथळ्यात दोघांचीही मोजणी ‘एक’ अशीच होते, जोरात मात्र बावीस पटींचा फरक.

२०१३ साली हे फार स्पष्ट दिसलं. नोआ या अमेरिकेच्या सरकारी सागर-हवामान संस्थेने मे महिन्यात १३ ते २० वादळं, ७ ते ११ हरिकेन आणि ३ ते ६ मोठी हरिकेन सांगितली होती. वादळं झाली १४. मथळ्यापुरता अंदाज बरोबर! प्रत्यक्षात हरिकेन झाली फक्त दोन आणि मोठं एकही नाही. हंगामाचा एसीई ३६ च्या आसपास राहिला. सरासरी १२० च्या पुढे असते.

सीएसयू आणि नोआ

कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू, हे या क्षेत्रातलं सर्वांत जुनं नाव. विल्यम ग्रे यांनी १९८४ मध्ये इथून हंगामी अंदाज सुरू केले. पॅसिफिकमधला एल निनो (विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) अटलांटिकमधली वादळं दडपतो, ही त्यांची मूळ पकड. एल निनोच्या वर्षी कॅरिबियनवर वरच्या थरातले पश्चिमी वारे जोर धरतात आणि खाली व्यापारी वारे पूर्वेकडूनच वाहत राहतात. वर एकीकडे, खाली दुसरीकडे अशी ओढाताण झाली की वादळाचा उभा खांब कलतो आणि मोडतो. यालाच विंड शिअर म्हणतात. ला निनाच्या वर्षी, म्हणजे तेच पाणी नेहमीपेक्षा थंड असताना, ही ओढाताण कमी होते. ग्रे २०१६ मध्ये गेले. आता फिल क्लॉट्झबाख या गटाचं काम पाहतात.

सीएसयूचा पहिला अंदाज एप्रिलच्या सुरुवातीला येतो, मग जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये सुधारणा होतात. आकडा एकच ठोक दिलेला असतो, पण सोबतचा अहवाल वाचण्यासारखा असतो. कोणते घटक पाहिले, यंदाची स्थिती मागच्या कोणत्या वर्षांसारखी आहे, आधीच्या अंदाजांचं काय झालं, हे सगळं त्यात असतं. हंगाम संपल्यावर आपला अंदाज कुठे बरोबर आला आणि कुठे फसला याचा हिशोबही ते स्वतः छापतात. मला या गटाबद्दल सर्वांत जास्त आदर याच सवयीमुळे वाटतो. डिसेंबरमध्ये दिलेल्या आकड्यांना प्रत्यक्षात काही अर्थ उरत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी २०११ पासून ते देणंच थांबवलं.

सरकारी नोआचा अंदाज मेच्या अखेरीस येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एकदाच सुधारतो. ठोक आकड्याऐवजी पट्टा दिलेला असतो, आणि त्या पट्ट्याबद्दल ७० टक्के खात्री असते. म्हणजे दहातली तीन वर्षं आकडा पट्ट्याबाहेर गेला तरी अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. तसं होणार हे त्यांनी आधीच सांगितलेलं असतं.

नोआच्या पत्रकात मी आधी वेगळीच ओळ शोधतो: हंगाम सरासरीपेक्षा जोरदार, सरासरीइतका की सौम्य, याच्या शक्यता. मे २०२४ मध्ये जोरदार हंगामाची शक्यता ८५ टक्के होती. मे २०२३ मध्ये सरासरीइतक्या हंगामाला ४० टक्के आणि दोन्ही टोकांना ३०-३० टक्के. ‘यंदा चित्र स्पष्ट नाही’ हे इतक्या प्रांजळपणे सांगणारा आकडा दुसरीकडे सहसा मिळत नाही. सीएसयूच्या ठोक आकड्याच्या मागे किती खात्री आहे, हे अहवालात खोल गेल्याशिवाय कळत नाही.

दोन्हींत एकच वाचायला वेळ असेल तर नोआ वाचा. कारणं समजून घ्यायची असतील तर सीएसयू.

लंडनचा ट्रॉपिकल स्टॉर्म रिस्क हा गट डिसेंबरपासूनच आकडे देतो, आणि विमा व्यवसायात त्याला वाचक आहे. इतक्या लवकरच्या आकड्यांवर घरगुती निर्णय घेऊ नयेत.

इतिहासावर की मॉडेलवर?

ब्रिटनचं सरकारी हवामान खातं, मेट ऑफिस, मात्र वेगळ्या वाटेने जातं, म्हणून त्याची दखल घ्यायला हवी. सीएसयूच्या पद्धतीचा पाया बराच काळ संख्याशास्त्रीय होता: मागच्या दशकांत समुद्राचं तापमान, वारे, हवेचा दाब असे असताना किती वादळं झाली, ते बघून यंदाचा हिशोब. मेट ऑफिस समुद्र आणि वातावरण एकत्र चालवणारं संगणकी मॉडेल अनेकदा पुढे पळवतं आणि त्यात किती वादळं तयार होतात ते मोजतं. आता सीएसयूही अशा मॉडेलांचा आधार घेतं, त्यामुळे ही सीमा पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही.

इतिहासावर टेकलेल्या पद्धतीचा धोका असा की जुना संबंध कधीतरी तुटतो. ग्रे यांच्या सुरुवातीच्या पद्धतीत पश्चिम आफ्रिकेतल्या पावसाला मोठं स्थान होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर तो संबंध पूर्वीसारखा चालेना, आणि पद्धत बदलावी लागली.

२०२३ मध्ये दोन्ही वाटांची परीक्षा झाली. पॅसिफिकमध्ये जोरदार एल निनो, आणि अटलांटिकचं पाणी विक्रमी तापलेलं. असा जोड मागच्या नोंदींत जवळजवळ नव्हताच. सीएसयूने एप्रिलमध्ये १३ वादळं, ६ हरिकेन, २ मोठी हरिकेन सांगितली. मेट ऑफिसने मे महिन्यात २०, ११ आणि ५ सांगितली. घडलं २०, ७ आणि ३. वादळांच्या संख्येत मॉडेल जिंकलं; हरिकेनच्या बाबतीत इतिहासाचा हिशोब जवळ आला. तापलेल्या पाण्याने वादळं जन्माला घातली, आणि एल निनोने त्यांतल्या बऱ्याच जणांना वाढू दिलं नाही, असं माझं वाचन आहे. समुद्र असाच तापत राहिला तर निव्वळ इतिहासावरचा भरवसा कमी करत न्यावा लागेल.

एप्रिल की ऑगस्ट?

संस्थांमधल्या फरकापेक्षा महिन्यांमधला फरक मोठा आहे. एल निनो येणार की ला निना, हे मार्च-एप्रिलमध्ये सांगणं सर्वांत कठीण असतं. हवामानशास्त्रज्ञ याला वसंतातला अडसर म्हणतात. ऑगस्ट लागेपर्यंत तो अडसर ओलांडलेला असतो आणि समुद्राचं तापमान हातात आलेलं असतं. हंगाम कागदावर १ जूनला सुरू होत असला तरी मोठ्या हरिकेनच्या दिवसांपैकी सुमारे ९६ टक्के दिवस ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येतात. म्हणजे ऑगस्टचा अंदाज उशिरा येऊनही खरा हंगाम त्याच्या पुढेच असतो.

२०२० मध्ये सीएसयूचा एप्रिलचा आकडा १६ होता, ऑगस्टचा २४. वादळं झाली तब्बल ३०. ऑगस्टचा आकडाही कमी पडला, पण दिशा बरोबर होती. उलट २०२४ मध्ये एप्रिलनेच कमाल केली: २३ वादळं, ११ हरिकेन, ५ मोठी हरिकेन, असा एप्रिलमधला त्यांचा आजवरचा सर्वांत मोठा अंदाज. घडलं १८, ११ आणि ५. त्याच वर्षी ऑगस्टच्या उत्तरार्धात, ऐन मोसमात, अटलांटिक शांत पडला होता आणि अंदाज फसला अशी चर्चा सुरू झाली होती. मग हेलीन आणि मिल्टन ही दोन मोठी हरिकेन आली.

ऑगस्टचा अंदाजही मात्र काळ्या दगडावरची रेघ नाही. २००६ मध्ये एल निनो उशिरा डोकं वर काढून आला. नोआने ऑगस्टमध्ये १२ ते १५ वादळं सांगितली होती, झाली १०. २०१३ चा फसलेला अंदाज ऑगस्टमधली सुधारणाही सावरू शकली नाही.

तुमच्या दारापर्यंत

आता सर्वांत महत्त्वाचं. १९९२ चा हंगाम सौम्य होता. त्याच हंगामात २४ ऑगस्टला अँड्र्यू श्रेणी ५ च्या जोराने दक्षिण फ्लोरिडावर आदळलं. १९८३ मध्ये नाव मिळालेली वादळं अवघी चार, त्यांतलं एक अलिशिया, आणि त्याने टेक्सासच्या किनाऱ्याची दैना केली. २०१० मध्ये १९ वादळं आणि १२ हरिकेन झाली, पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर हरिकेन म्हणून एकही चढलं नाही. वादळ कुठे वळणार हे त्या आठवड्यातल्या हवेच्या दाबाच्या रचनेवर ठरतं. ती रचना एप्रिलमध्येच काय, ऑगस्टमध्येही आठवड्यांआधी दिसत नाही. नोआ म्हणूनच आपल्या पत्रकात स्पष्ट लिहितं की हा अंदाज किनाऱ्यावर धडकण्याचा नाही.

सीएसयू इथे एक पाऊल पुढे जातं: राज्यवार आणि काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शक्यता देतं. फ्लोरिडाच्या ५० मैलांच्या आतून हरिकेन जाण्याची सरासरी शक्यता ५६ टक्के. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी ती ७५ टक्के दिली. माहिती उपयोगी आहे, पण ती बनते कशी ते समजून घ्या. पूर्वीची सरासरी घेऊन ती त्या वर्षीच्या अपेक्षित एसीईच्या प्रमाणात वर-खाली केलेली असते. तुमच्या काउंटीचा आकडा वाढला याचा अर्थ वादळं यंदा तुमच्याकडे वळणार असा नाही. एकूणच जास्त होणार, म्हणून सगळ्यांचेच आकडे वाढलेले असतात. शिवाय किनाऱ्यापुरतंच पाहून भागत नाही. हेलीन फ्लोरिडात किनाऱ्याला लागलं आणि त्याच्या पावसाने समुद्रापासून शेकडो मैल आतल्या पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात भयंकर पूर आणले.

मग कोणी काय वाचावं?

ज्यांचा कारभार पूर्ण किनारपट्टीवर पसरलेला आहे, म्हणजे विमा कंपन्या, मदत साहित्याचे साठे ठेवणाऱ्या संस्था, वीज कंपन्या, त्यांना हंगामी अंदाजाचा खरा फायदा आहे. एकाच ठिकाणचा योगायोग अनेक ठिकाणांत विरघळतो. त्यांनी मे महिन्यात नोआच्या शक्यता बघून तयारी करावी आणि ऑगस्टच्या आकड्यांवर ती वाढवावी किंवा आवरावी. एकच संस्था धरण्याऐवजी अनेकांची सरासरी बघावी. सीएसयू आणि बार्सिलोना सुपरकॉम्प्युटिंग सेंटर यांनी वेगवेगळ्या गटांचे अंदाज एकत्र ठेवायची सोय केलेली आहे.

कॅरिबियनची सहल ठरवणाऱ्याने हंगामी आकड्यापेक्षा महिना आणि बेट बघावं. शिखर १० सप्टेंबरच्या आसपास असतं. अरुबा, बोनेअर, कुरासाव ही बेटं नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. प्रवास विमा वादळाला नाव मिळण्याआधी घेतलेला असावा.

घरमालकासाठी मात्र कॅलेंडर हाच निकष. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरलेलं नसतं. सरकारच्या राष्ट्रीय पूर विमा योजनेची पॉलिसी पैसे भरल्यापासून साधारण ३० दिवसांनी लागू होते. ऑगस्टचा सुधारलेला अंदाज वाचून पॉलिसी घेतली तर ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शिखराच्या तोंडावर लागू होणार. तोवर वादळ आलं तर नुकसान पदरचं. हंगामाच्या पहिल्या दिवशी, १ जूनला संरक्षण हवं असेल तर २ मेपर्यंत अर्ज आणि पैसे पोचलेले हवेत. नोआचा वर्षातला पहिला अंदाज त्यानंतर जवळजवळ तीन आठवड्यांनी येतो.