खोटं झाड, खरी धूळ

घोडबंदर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये ऊन औषधालाही नाही. दोन खरे अरेका पाम तिथेच वाळले. शेवटी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून पाच फुटी नकली फिडल लीफचं (मोठ्या, व्हायोलिनच्या आकाराच्या पानांचं) झाड आणलं, 2,800 रुपयांना. पानांच्या शिरा इतक्या हुबेहूब, की सासूबाई दोन दिवस इमानेइतबारे पाणी घालत होत्या! कुंडी मात्र अगदीच हलकी. पंख्याच्या वाऱ्याने झाड आडवं. मी तळाशी विटांचे तुकडे भरले, वर नारळाच्या शेंड्या पसरल्या. फांद्यांत तार असते, आणल्यावर एकेक वाकवून मोकळी करावी लागते, नाहीतर खराटा उभा केल्यासारखं दिसतं. दर रविवारी ओल्या फडक्याने धूळ पुसते. बाल्कनीसाठी घेऊ नका. शेजारणीचं झाड उन्हाने निळसर पडलंय.